पडीक रजा

त्या दिवशीचा माझा आठवा प्रश्न द्राक्षं तोडणाऱ्या यंत्राच्या खांद्याचा होता. नाशिककडच्या कुठल्यातरी बागेत यंत्राचा हात दिवसभर वर-खाली व्हायचा आणि त्यावरचं रबरी आवरण दर आठवड्याला काखेत फाटायचं. त्यांनी जाड रबर लावून बघितलं, दुहेरी लावून बघितलं. मग कंटाळून प्रश्न आमच्या केंद्राकडे पाठवला.

कपाळावर पट्टी होतीच. मी डोळे मिटले. अकरा सेकंदांनी उजव्या कानाच्या वर मुंगी चालल्यासारखं झालं आणि मला ब्लाऊजची बाही दिसली.

"काखेत कळी घाला," मी म्हणाले. "चौकोनी तुकडा, तिरका बसवायचा. हात वर गेला की कळी उघडते, आवरणावर ताण येत नाही."

समोरच्या पडद्यावर हिरवा ठिपका आला, म्हणजे उत्तर पसंत पडलं. मी पट्टी काढून खोक्यात ठेवली, डबा उचलला आणि घरी निघाले.

वाटेत मंडईत शिरले आणि भाजीवाल्यापुढे नुसतीच उभी राहिले. मेथी होती, घेवडा होता, वांगी होती. कशाचं काय करायचं ते काही केल्या सुचेना.

"ताई, घ्यायचंय का नुसतंच बघायचंय?" भाजीवाला म्हणाला.

मी दोडका घेतला, कारण तो हाताशी होता. सलग तिसऱ्या दिवशी दोडकाच घेतला होता.

घरी आई कॉटवर बसली होती. पुढ्यात चादरीवर कापडाच्या चिंध्या ओळीनं मांडल्या होत्या. दिवसभर तिच्याजवळ बसणाऱ्या सुमनमावशी चपला घालत म्हणाल्या, "जेवल्यात. औषध न्हाय घेतलं. दुपारधरनं चिंध्या लावत बसल्यात बघा."

"काज," आई मला बघून म्हणाली.

"काय हवंय आई?"

"काज. काज, काज." तिनं चादरीवर हात मारला.

मी पाणी दिलं, नको. पंखा लावला, नको. संडासला न्यायला हात पुढे केला, तिनं झिडकारला. तेवढ्यावर माझं डोकं रिकामं झालं. मी चिंध्या गोळा करून पिशवीत भरल्या, चादर झटकली आणि दोडका चिरायला बसले. आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

आता आमची ओळख करून द्यायला हवी. मी हर्षदा खटावकर. आम्ही कराडचे शिंपी. माझं लग्न दोन वर्षं टिकलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. परत आले ती आईच्या मशीनशेजारी दुसरं मशीन टाकून बसले. आई, म्हणजे शैलाकाकू ब्लाऊजवाल्या, एकतीस वर्षं त्या दुकानात बसत होती. अडीच वर्षांपूर्वी तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली. उजवा पाय थोडा ओढतो, बाकी शरीर सुधारलं. शब्द मात्र सगळे गेले, एक सोडून. बटण अडकवायचं घर असतं ना, काज, तो तेवढा उरला. आनंद झाला तरी काज, दुखलं तरी काज. ऐकलेलं तिला सगळं कळतं. डॉक्टर म्हणाले होते, कपाटाला कुलूप लागलंय, आतलं सामान जागच्या जागी आहे. लिहिणंही त्याच कुलपात अडकलं.

पहिलं वर्षभर मी तिच्याशी फार चांगली वागले, हे मला स्वतःबद्दल सांगायला हरकत नाही. रोज काहीतरी नवीन शोधायला लागायचं. ती गोळ्या घेईना. चमच्यातून दिल्या की थुंकायची. मग एकदा मला आठवलं, जन्मभर हिनं काम करताना टाचण्या ओठात धरल्या. मी गोळी टाचणीसारखी दोन बोटांत धरून तिच्या ओठांपाशी नेली. तिनं ती सवयीनं ओठात धरली आणि मी पाण्याचा पेला लावला. अंघोळीला रडायची, तर पाणी पडण्याचा आवाज तिला सोसत नाही असं मी हेरलं आणि भिजवलेल्या पंचानं अंग पुसायला लागले. असं रोज एक. यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटत नव्हतं. घर चालवायचं तर हे करावंच लागतं.

आणि मग केंद्र आलं.

संगणकांना सगळं येतं असं आपण म्हणतो. येतंच, पण जे कुणीतरी कधीतरी आधी केलेलं आहे ते. जगातल्या रोजच्या अडचणी यंत्रं चुटकीसरशी सोडवतात. मात्र कधीच कुणावर आली नव्हती अशी अडचण समोर आली की ती जुन्याच उत्तरांची उलटापालट करत बसतात. असल्या प्रश्नांना आमच्याकडे अनाथ प्रश्न म्हणतात. ते सोडवायला माणसं लागतात आणि तीही मोठ्या पदव्यांची नकोत असं केंद्राच्या लक्षात आलं होतं. कमी कापडात ब्लाऊज बसवणारे शिंपी, आयत्या वेळी पंधरा पानं वाढली तरी निभावणारे आचारी, गवंडी, गॅरेजवाले अशी भरती झाली. माझी निवड चाचणी वीस मिनिटांत संपली.

पट्टी कशी चालते ते पहिल्या दिवशी डॉ. फरहाना मुल्लांनी समजावलं होतं. त्या केंद्रातल्या मेंदूतज्ज्ञ. हळू बोलणाऱ्या, चहात बिस्किट बुडवून विसरणाऱ्या बाई.

"एखादी गोष्ट सुचते ना हर्षदाताई, त्याच्या एक-दीड सेकंद आधी मेंदू डोळ्यांचा दिवा बारीक करतो. बाहेरचं कमी दिसावं म्हणून. मग उजव्या कानाच्या वर एक लहर उठते. एकमेकींपासून लांब असलेल्या दोन गोष्टी तिथं भेटतात. एरवी अशा कितीतरी भेटी वरच्या गोंगाटात दबून जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. पट्टी ती भेट आधीच ओळखते आणि अगदी हलक्या विजेनं वरचा गोंगाट खाली करते. एवढंच."

पट्टीशिवाय मला दिवसाला एखाददुसरी गोष्ट सुचायची. पट्टीनं आठ. पहिले सहा महिने मी हवेत होते. धरणाच्या गोल दाराला लावलेलं रबर सुरकुतायचं, तिथं मी उरेब पट्टी सुचवली. म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेली पट्टी, जी गळ्याला लावतात, ती वळणावर सुरकुतत नाही. ते उत्तर म्हणे सतरा धरणांवर गेलं. घरी आल्यावर मात्र मी रिकामी असायचे. आईला काय हवंय ते ओळखायला दोनच्या जागी चार प्रयत्न, मग दहा, मग मी ओळखणंच सोडून दिलं. दीड वर्ष असं गेलं.

चिंध्यांचं वेड याच काळातलं. आईच्या मापांच्या वह्या दुकानात रचून ठेवलेल्या होत्या. तिची पद्धत अशी की पानावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही, फक्त मापं लिहायची आणि शिवायला घेतलेल्या कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं पानाला लावायचा. पाटीलकाकू कोण म्हणून विचारलं तर तिला आठवायचं नाही. हिरव्या खणाची म्हटलं की छातीपासून मुंढ्यापर्यंतची मापं घडाघडा सांगायची. आजारानंतर तिनं त्या वह्यांतले तुकडे काढायला सुरुवात केली. मी एकदा चिडून ओरडलेही, "अगं, वह्या का फाडतीयस?" नंतर म्हटलं, हाताला चाळा आहे तर असू दे.

त्या दोडक्याच्याच आठवड्यात माधवीताईचा फोन आला. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, हुबळीला बँकेत अधिकारी, घरी शाळकरी लेक निशू. मी कणीक मळत होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"मी आईला न्यायला येतीय," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात, चौथ्या रविवारी. तुझा आवाज ऐकलायस का तू? मेलेल्या माणसासारखा येतोय."

"आई इथंच बरी आहे."

"हे तू म्हणतीयस. आईला विचारलंस?"

"कसं विचारू ताई? ती सगळ्याला काज म्हणती."

"मग तुझ्या त्या केंद्रात विचार. द्राक्षाच्या यंत्रांचं सुचतं तुला, आईचं सुचत नाही का?"

बोचलं, कारण खरं होतं. आईनं माझ्याजवळ राहावं असं मला वाटत होतं. तिलाही तसंच वाटतं अशी माझी खात्री होती. पण ते तिच्याकडून कळायला हवं होतं, नाहीतर ताईपुढे माझं काही चालणार नव्हतं.

केंद्राच्या नियमात महिन्यातून एक स्वतःचा प्रश्न घालता येतो, उत्तर मात्र केंद्राचं होतं. मी प्रश्न घातला. एकच शब्द उरलेल्या म्हाताऱ्या बाईला काय हवंय ते कसं ओळखायचं? पट्टी लावली. नऊ सेकंद. उत्तर आलं आणि चांगलं आलं. कापडावर वेगवेगळ्या आकाराची बटणं शिवायची. मोठं गोल म्हणजे पाणी, खडबडीत म्हणजे दुखतंय, शंखाचं म्हणजे झोप. बोटांना ओळखू येतील, डोळ्यांवर भार नाही. केंद्रात टाळ्या वाजल्या. महिनाभरात असली दहा हजार कापडं दवाखान्यांत गेली आणि कितीतरी लोकांची सोय झाली, हे मी नाकारत नाही.

मी आईसाठी एक शिवून आणलं. तिनं सगळ्या बटणांवरून बोट फिरवलं. एक बटण मी घाईत सैल शिवलं होतं. तिनं डाव्या हातानं उशाची सुई ओढली, ते बटण घट्ट केलं, दातानं दोरा तोडला आणि कापड घडी करून बाजूला ठेवलं. पुन्हा कधी त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात पहिल्याच प्रश्नाला मला काही दिसेना. चाळीस सेकंद, साठ सेकंद. नाकातून रक्त आलं. डॉ. मुल्लांनी पट्टी काढून मला त्यांच्या खोलीत बसवलं.

"मी तुम्हाला आधीच थांबवायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "या भेटी पट्टी घडवत नाही. तुम्ही भांडी घासताना, गॅलरीत उगाच उभ्या असताना मेंदू आतल्या आत जुळवाजुळव करत असतो. पट्टी फक्त जुळलेलं वर काढते. आम्ही रोज आठ काढतो. आत रोज आठ तयार होत नाहीत."

"किती होतात?"

"दोन, फार तर तीन. बाकीची कच्ची निघतात आणि घरासाठी काही उरत नाही."

"म्हणजे कार्बाईडचे आंबे."

"तसंच काहीसं. तुम्ही पडीक जा. एकवीस दिवस. पट्टी नाही, कोडी नाहीत, काही नवीन शिकायचं नाही. जमीन टाकतो ना पडीक, तसं."

आमच्याकडे या रजेला पडीक रजाच म्हणतात. मी दिवस मोजले. बाविसाव्या दिवशी रविवार होता, ताईचा.

पडीक राहणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. पहिले चार दिवस डोकं ठणकत होतं. नंतर नुसती मरगळ आली. सुमनमावशींना मी सुट्टी दिली होती, पण घरात मी असून नसल्यासारखीच होते. भात लावायचा, आमटी करायची, आईचं अंग पुसायचं, मग जमिनीवर पालथं पडून राहायचं. रडावंसं वाटायचं, पण तेवढाही जोर नव्हता. आई कॉटवर बसून तिच्या चिंध्या लावायची आणि मधून मधून माझ्याकडे बघायची.

"काज," ती म्हणायची.

"हो गं," मी म्हणायचे. संध्याकाळी सवयीनं उठून चिंध्या पिशवीत भरायचे.

बाराव्या दिवशी चिंध्या आवरायचंही त्राण उरलं नाही. संध्याकाळ झाली, दिवा लावला, आईला तिथंच ताट दिलं. चिंध्या चादरीवर तशाच राहिल्या. आई सावरून त्यांच्या कडेनं झोपली.

सकाळी चहा घेऊन आले तर ती उठून बसली होती. कालच्या ओळीला तिनं हातही लावला नव्हता. पिशवीतून एक-एक तुकडा काढून बघत होती, नको तो परत टाकत होती. शेवटी एक मिळाला, तो तिनं कालच्या ओळीच्या शेवटी ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी कप हातात धरून उभी राहिले. चाळा असता तर तिनं ओळ मोडली असती, पहिल्यापासून लावली असती. ती तर पुढे चालू करत होती. काल जिथं थांबली होती तिथून.

उजव्या कानाच्या वर या वेळी मुंगीबिंगी काही चालली नाही. तरी कळलं. दीड वर्ष रोज संध्याकाळी मी आईचं बोलणं गोळा करून पिशवीत भरत होते.

मी कॉटच्या कडेला बसले आणि एक तुकडा उचलला. निळी चौकड. "हे माझं," मी म्हणाले. "शाळेच्या ड्रेसचं."

आईनं श्वास आत ओढला. "काज," ती म्हणाली, अगदी हळू.

"आणि हे मोहरी रंगाचं, काळ्या ठिपक्यांचं, ताईचं. गॅदरिंगला शिवलं होतंस. हे जांभळ्या फुलांचं तुझं स्वतःचं. आणि ही गादीच्या खोळीची पट्टी." पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचं ते कापड सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आम्ही वसतिगृहाच्या गाद्यांना तशा खोळी शिवल्या होत्या.

आई रडायला लागली. मीही. चहा गार झाला.

पुढचे काही दिवस आम्ही दोघी चादरीवर बसून होतो. मी फार चुकत होते. एका तुकड्याला कधी अर्धा तास लागायचा. तो कुणाचा, तो ब्लाऊज कधी शिवला, त्या बाईचं पुढे काय झालं, असं करत करत पोचायचं. तिनं हिरवा खण पुढे केला तेव्हा मला वाटलं तिला हिरवी साडी हवीय. ती मान हलवत राहिली. शेवटी कळलं की ती पाटीलकाकूंची चौकशी करत होती.

"त्या गेल्या गं आई," मी म्हणाले. "मागल्या वर्षी, दिवाळीच्या आधी. तुला सांगायचं राहून गेलं."

तिनं तो तुकडा जरा वेळ मुठीत धरला आणि उलटा करून ठेवला. असे उलटे ठेवलेले तुकडे पुढे चार-पाच झाले. माझं लक्ष नसताना तिची किती माणसं गेली होती आणि ती कुणाला विचारत बसली होती, हे मला तेव्हा समजलं. दीड वर्षात आणखी काय काय म्हणाली असेल ते कळायला आता मार्ग नव्हता.

बाराव्या दिवशीची ती ओळ मात्र मी वाचायची टाळत होते. आई ती रोज नव्यानं लावायची. मोहरी ठिपके आणि जांभळी फुलं अगदी चिकटून. मग वीतभर जागा. मग निळी चौकड एकटी आणि तिच्यावर पांघरल्यासारखी गादीची पट्टी.

स्पीकरवरचा ताईचा फोन आईनं ऐकला होता.

एकोणिसाव्या दिवशी मी धीर केला. जांभळा तुकडा उचलून निळ्या चौकडीशेजारी ठेवला. "तू इथं राहणार, माझ्याजवळ. असंच ना?"

आईनं तो उचलून परत मोहरीजवळ ठेवला.

मी पुन्हा इकडे आणला. तिनं पुन्हा तिकडे नेला. तिसऱ्या वेळी तिनं माझ्या हातावर चापट मारली. लहानपणी टीप वाकडी आली की मारायची तशीच, न रागावता, आणि तुकडा जागेवर ठेवून वर तळहात दाबून धरला.

"मी दमते म्हणून जातीयस?" मी म्हणाले. "मी केंद्र सोडते. दुकान उघडते. आता मला कळायला लागलंय ना सगळं."

आईनं गादीची पट्टी उचलली, निळ्या चौकडीवर नीट पसरली, चारी कोपरे सारखे केले. "काज," ती म्हणाली.

मला राग आला, हे लपवत नाही. ज्या उत्तरासाठी मी महिनाभर जीव आटवला ते हे होतं. आणि एक गोष्ट माझ्या चांगलीच ध्यानात आली होती. हे जगात फक्त मला वाचता येत होतं. रविवारी मी सांगेन तेच ताईला खरं मानावं लागणार होतं.

रविवारी ताई अकराच्या सुमारास आली. येतानाच भांडायच्या तयारीनं आली होती. आईला मिठी मारली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पाणी प्याली.

"हे बघ हर्षदा, मी सगळी व्यवस्था केलीय. दिवसाची बाई ठरवलीय, खालचीच खोली आहे. आणि ते बटणांचं कापडपण मागवलंय, तुझंच ते. छान आहे." बोलता बोलता ती कॉटवर टेकली आणि चादरीवरच्या चिंध्या एका हातानं सारायला लागली. "अगं, हा पसारा तरी आवर."

मी तिचं मनगट धरलं. "उचलू नकोस. ती बोलतीय."

ताईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मला वेड लागलं असं तिला वाटलं असणार. मी तिला पहिल्यापासून सांगितलं. वह्या, तुकडे, उलटा ठेवलेला हिरवा खण. ताई बँकेतली बाई, तिला पुरावा लागतो. तिनं ओळीकडे बोट केलं.

"बरं. मग आत्ता काय म्हणतीय?"

आई माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा शांत होता, काही विनवणी वगैरे नव्हती. मोठं गिऱ्हाईक दुकानात असताना मला कात्री देऊन ती अशीच बघत उभी राहायची.

राहते म्हणतीय, असं म्हणायला मला एक सेकंद पुरला असता.

"तुझ्याकडं येते म्हणतीय," मी म्हणाले.

ताईनं मोहरी ठिपक्यांचा तुकडा उचलला, बराच वेळ बघितला. "हा माझा गॅदरिंगचा फ्रॉक आहे," ती म्हणाली. "बाही एक लांब, एक आखूड झाली होती. रात्रभर उसवत बसली होती ही." मग नाक पुसून म्हणाली, "आणि तुझं काय? ते निळं तुझंच ना?"

"मला झोप म्हणतीय."

जेवणं करून साडेतीनला त्या निघाल्या. चिंध्यांची पिशवी आईनं मांडीवर घेतली, दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. गाडी वळली तेव्हा तिनं काचेतून हात केला नाही. ती पुढे, रस्त्याकडे बघत होती.

सोमवारी डॉ. मुल्लांचा फोन आला. डोकं कसं आहे विचारलं. मी कापडाच्या भाषेचं सांगितलं तर त्या एकदम उत्सुक झाल्या. "ही पद्धत नोंदवायची का आपण? कितीतरी लोकांना..."

"नाही हो," मी म्हणाले. "एकाच बाईला चालते."

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "कधी येताय?"

"येईन. पण दिवसाला दोन प्रश्न. आठ जमणार नाहीत."

"नियम आठाचा आहे."

"मग तुम्ही नियमाचं बघा."

शनिवारी दुपारी मी जेवून लवंडले होते. घरात कुणी नसल्याची अजून सवय झाली नव्हती. ताईचा फोन आला.

"मी फोटो पाठवलाय. सकाळपासून ती हे मांडून बसलीय आणि काज काज चाललंय. काय म्हणतीय ते लवकर सांग. मला बाहेर जायचंय."

मी फोटो बघितला. दोन तुकडे ओळखीचे होते. बाकीचे मी कधीच बघितले नव्हते. पंचाची कड, पडद्याची लेस, कुठल्यातरी रुमालाचा गुलाबी कोपरा. आईनं ताईच्या घरातून नवे तुकडे जमवायला घेतले होते.

"हे माझे नाहीत ताई. तुझ्या घरातले आहेत. तुलाच वाचायला लागतील."

"मला असलं काही सुचत नाही गं. तुला येतं ते."

"मलाही येत नव्हतं. बाहेर उद्या जा. तिच्याजवळ बस."

"आणि नाही कळलं तर?"

"चुकलीस तर ती हातावर मारेल. चुकत राहा."

ताईनं उसासा टाकला. फोन बहुतेक तिनं कॉटवर ठेवला, बंद केला नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हे पडद्याचं," ताई म्हणत होती. "खिडकी उघडायचीय? नाही? बरं. ही लेस... थांब. तुला माझ्या सासूबाईंबद्दल काही म्हणायचंय का?"

"काज," आई म्हणाली. एक चापट ऐकू आली.

"बरं बरं. मग हा रुमाल कुणाचा? निशूचा? निशू शाळेत गेलीय आई."

"काज, काज."

मी फोन कानाशी ठेवून तशीच पडून राहिले. पलीकडे ताई चुकत होती आणि आई दुरुस्त करत होती. मला त्यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं आणि मी शोधतही नव्हते. त्यांचं नेमकं कुठवर आलं ते मी सांगू शकत नाही, कारण मध्येच कधीतरी मला झोप लागली.